पलीकडच्या टोकाचा गोल

१४ जून

आई,

नमस्कार. सामान लागलं एकदाचं. लागलं म्हणजे खोकी भिंतीला लागली, उघडायची हिंमत अजून व्हायचीय. तिसरा मजला, दोन खोल्या, खाली टायरवाल्याचं दुकान. सकाळी त्याचा हवा भरायचा पंप सुरू झाला की आम्ही उठतो, गजर लावायला नको. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीवरचा गळका पाइप.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पत्र. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जगाचे फोन जोडून दिले आणि आता त्याच कानांनी संप पुकारला, असं तुम्हीच म्हणता. मला मात्र बरंच वाटतं. लिहिताना आवाज चढत नाही.

काम ठीक आहे. लॅबमध्ये आम्ही कवळ्या बनवतो. मी मेणात दात बसवते, साचे घासते. दिवसभर अनोळखी माणसांचं हसू टेबलावर मांडून बसायचं आणि आपल्या तोंडाला मास्क.

आता मुद्द्याचं. बेडकीसाठी फुटबॉलचा क्लब शोधायचाय. सामान सोडायच्या आधी पोरगी ग्लोव्ह्ज शोधत होती. इथे तिच्या वयाच्या मुलींचे दोन क्लब आहेत. एक मोठा, हिरवंगार मैदान, पावडरच्या रेषा, ट्रॅकसूट घातलेले तीन प्रशिक्षक, गोलकीपरना शिकवायला वेगळा माणूस. तिथे चाचणी देऊन घेतात. दिली तिने, आणि घेतलंही तिला. तिथल्या सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिच्या पायात स्प्रिंग आहे." म्हटलं, म्हणूनच घरी बेडकी म्हणतात.

दुसरा क्लब बस डेपोच्या मागे. मैदानाचा एक कोपरा खचलेला, गोलची जाळी नायलॉनच्या दोरीने गाठी मारून सांधलेली. शिकवणारा माणूस डेपोतला मेकॅनिक, मुली त्याला गॅरेजकाका म्हणतात. माणूस चांगला वाटला, पण सगळं मिळून तेरा पोरी आणि एकच पंप, तोही बहुतेक आमच्या टायरवाल्याकडून आणलेला.

दोन्हीकडे तिने एकच प्रश्न विचारला. "तुम्ही मॅच खेळायला कुठे कुठे जाता?" मला कौतुक वाटलं, बारा वर्षांची पोर किती मुद्द्याचं विचारते. आणि घरी येऊन म्हणते, मला डेपोवाला क्लब हवा. का, तर म्हणे आवडला. पुढे एक अक्षर नाही.

हे मी तुमच्या मुलाला विचारलं असतं. पण घटस्फोटाचे कागद झाल्यापासून तो फोन उचलत नाही, आणि उचललाच तर "तुला ठीक वाटेल ते कर" म्हणतो. तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. चार वर्षं मैदानावर तुम्हीच तिला नेत होतात. काय असेल तिच्या मनात?

तुमची,
(सही करताना आडनावापाशी अडले, म्हणून नुसती तुमची)


२५ जून

सूनबाई,

तुला आता काय म्हणायचं या विचारात माझाही अर्धा दिवस गेला. कागदावर तू माझी कुणी नाहीस. पण तो कागद मी वाचलेला नाही, तेव्हा सूनबाईच.

बेडकी बुजलीय, दुसरं काही नाही. माझंच बघ. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी त्या बोर्डावरचे दिवे लुकलुकायला लागले तशी मी उठले आणि बाथरूमची कडी लावून बसले. आमच्या सुपरवायझर बाईंनी दार ठोठावून बाहेर काढलं आणि हेडफोन कानाला लावला. त्यांनी लाड केले असते तर मी आयुष्यभर घरी बसले असते. मोठ्या मैदानावर आपण उघडे पडू असं तिला वाटत असणार. तू तिचं ऐकू नकोस. घाल मोठ्या क्लबात. आठ दिवस तोंड फुगवेल, मग हलणार नाही तिथून.

तो तुमची चौकशी करत असतो. लिफ्ट दुरुस्तीची कामं फार वाढलीत, वेळ मिळत नाही त्याला. इकडे घरात थोडी हलवाहलव चाललीय, म्हणून उत्तराला उशीर झाला. माझा गुडघा आहे तसाच आहे. पाइपावर एक झाडाची कुंडी टांग खिडकीतून, भिंत कमी दिसेल.

आई


४ ऑगस्ट

आई,

तुमचं ऐकलं आणि फसले. राग धरू नका, मलाही तेच वाटत होतं.

मोठ्या क्लबात नेलं तिला. पहिले काही दिवस मुकाट्याने गेली. मग सरांचा फोन आला, येऊन बघून जा म्हणाले. लॅबमधून तशीच गेले, हाताला मेण लागलेलं. कुंपणाबाहेर उभी राहिले. आई, ती गोलमध्ये उभी होती आणि चेंडू येत होते आणि ती हलत नव्हती. हात अंगाला चिकटवून उभी. चेंडू तिच्या बाजूने जात होता आणि ती जाळीतून तो काढून परत देत होती, अगदी व्यवस्थित. रडणं नाही, उद्धटपणा नाही. सर म्हणाले, "घरी काही झालंय का?" मी म्हटलं, जागा नवीन आहे.

रस्त्यात मी नाही नाही ते बोलले. तुझ्यापायी मी जीव काढते, आणि तू चारचौघांत माझं नाक कापतेस, असं सगळं. तिने ऐकून घेतलं. घराच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाली, "मोठा क्लब आपल्या जुन्या मैदानावर कधीच खेळायला जात नाही. डेपोवाला जातो. वर्षातून एकदा. गॅरेजकाकांनी सांगितलं."

मी म्हटलं, "मग?"

"मग बाबा बघायला येतील ना. तिथे तर त्यांना यायला जवळ आहे."

आम्ही जिन्यातच बसलो. खालून पंपाचा आवाज येत होता. पोरीने क्लब निवडला नव्हता, तिने तिकडे जायची बस निवडली होती. आणि मी तिला चांगलं गवत दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या क्लबात जाऊन नाव काढून आले. सर म्हणाले, जागा लगेच भरेल, पुन्हा घेता येणार नाही. हो म्हटलं.

आता एकच विचारते. डेपोवाल्यांची तिकडची मॅच नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आहे. तो येईल का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. तो चौकशी करतो असं तुम्ही लिहिलंत, पण काय विचारतो ते लिहिलं नाहीत.

तुमची


६ सप्टेंबर

प्रिय आजी,

आईने सांगितलं की तुला पत्रच लिहायचं कारण फोनवर तू सगळ्याला हो हो म्हणतेस.

मी आता डेपोच्या क्लबमध्ये आहे. इथे आमच्या बाजूचा कोपरा खाली गेलेला आहे, त्यामुळे कॉर्नर मारला की चेंडू आपोआप गोलकडे येतो. समोरच्या टीमला ते माहीत नसतं. आम्ही सांगत पण नाही. गॅरेजकाका शिट्टी वाजवत नाहीत, बसच्या दाराचा आवाज तोंडाने काढतात. आम्ही लगेच थांबतो.

मी केस कापलेत. एकदम छोटे. वेणी जाळीत अडकायची. तू ओळखणार नाहीस.

आता महत्त्वाचं. आमची मॅच तिकडे आहे, आपल्या मैदानावर. बाबांना तारीख सांग. मी फोन केला होता पण ते लिफ्टमध्ये असतील, तिथे रेंज नसते. त्यांना सांग की मी आता डावीकडे पण उडी मारते. आधी डावीकडे येत नव्हती, त्यांना माहीत आहे.

गॅरेजकाकांना विचारलं की मॅचनंतर मी एक रात्र राहू का. ते म्हणाले आईची चिठ्ठी लागेल. माझी खोली तशीच आहे ना? भिंतीवर मी पेन्सिलने उंचीच्या रेषा मारल्यात त्या पुसू देऊ नकोस. मला आता नवीन रेष मारायचीय.

तुझी,
बेडकी


२१ सप्टेंबर

सूनबाई,

बेडकीला वेगळं उत्तर टाकलंय. हे तुझ्यासाठी, तिच्या हाती लागू देऊ नकोस.

हलवाहलव चाललीय असं मी लिहिलं होतं ना, ती ही. जूनपासून तो त्या दुसरीला घेऊन इथेच राहायला आलाय. त्यांची भाड्याची जागा सुटली. ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला. मी नाही म्हणायला हवं होतं का? तुझ्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. पण ती दारात उभी होती, सातवा महिना संपत आलेला, आणि पोरगी वाईट नाही. मला चहा करून देते. मी तोंड फिरवून पिते, पण पिते.

बेडकीच्या खोलीत आता ते तिघं असतात. पलंग खोलून माळ्यावर टाकला. भिंत मी बाहेर गेले असताना रंगवली गेली. फिकट पिवळी. रेषा गेल्या. मी त्याला विचारलं, अरे निदान विचारायचंस तरी. तो म्हणाला, "कसल्या रेषा?"

त्याला मॅचचं सांगितलं. "बघतो" म्हणाला. त्याचं बघतो म्हणजे काय हे माझ्याइतकंच तुलाही ठाऊक आहे. तो दुष्ट नाही गं. लहानपणापासून असाच आहे, जे समोर असेल तेवढंच त्याला दिसतं. समोरून हललं की संपलं. बेडकीला मात्र मी "बाबा नक्की येतील" असं लिहिलंय. दुसरं काय लिहू? मी त्याच्या मागे लागेन. आणायचं काम माझं.

राहायचं मात्र जमणार नाही. ते तू तिला सांग. मला नाही सांगवत.

आई


२९ ऑक्टोबर

आई,

उशिरा लिहितेय. तुमचं पत्र आल्यावर बरेच दिवस लिहावंसंच वाटलं नाही. तुम्ही तिला घरात घेतलंत याचा राग नाही. मी असते तर मीही घेतलं असतं, आणि तुमच्यापेक्षा जास्त आदळआपट करत घेतलं असतं. पण त्या भिंतीचं माझ्या डोक्यातून जात नाही.

बेडकीला सांगितलं. ती ओट्यापाशी उभी राहून ग्लोव्ह्ज धुवत होती. बाळ झालंय म्हटलं. तिने विचारलं, "मुलगा की मुलगी?" मुलगा म्हटलं. "तो माझा कोण लागतो?" भाऊच की. थोडा वेळ ती साबण चोळत राहिली आणि म्हणाली, "मग बाबा त्याला पण मॅचला घेऊन येतील." खोलीचंही सांगितलं. तिने ग्लोव्ह्ज दोरीवर टाकले आणि एक रात्र राहायचं म्हणून माझ्याकडून लिहून घेतलेली चिठ्ठी परत दिली.

रविवारी गॅरेजकाका सगळ्यांना डेपोच्या बसने आणतील आणि संध्याकाळी परत नेतील. मी येणार नाही. त्या मैदानावर, त्याच्या शेजारी, कडेवर त्याचं बाळ, एवढं माझ्याने होणार नाही. तुम्ही तिला दिसेल अशा जागी बसा.

तुमची


८ नोव्हेंबर

सूनबाई,

आधी हे वाच, मग तिला काही विचारायचं ते विचार. ती सांगणार नाही.

मी लवकर जाऊन मधल्या कठड्यापाशी बाकावर बसले. बस आली, पोरी उतरल्या. केस कापले तरी चालण्यावरून ओळखली मी तिला, टाचा न टेकता चालते ती. माझ्याजवळ आली, गळ्यात पडली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. "येतोय," म्हटलं. "निघालाय." निघाला नव्हता. सकाळी एक लिफ्ट बंद पडली म्हणून गेला होता. मी त्याला मेसेज टाकला, ती गेटजवळच्या गोलमध्ये उभी आहे, लवकर ये.

पहिल्या अर्ध्यात ती खरंच गेटजवळच्या गोलमध्ये होती. काय खेळली म्हणून सांगू. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण आमच्या इथल्या क्लबची माणसं सुद्धा तिच्यासाठी हळहळत होती, की ही आपली होती. डावीकडे उडी मारली आणि उठताना गेटकडे बघितलं. प्रत्येक वेळी तेच. चेंडू अडवायचा, गेटकडे बघायचं.

हाफटाइम झाला आणि बाजू बदलल्या. ती पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखालच्या गोलमध्ये गेली. आणि तेव्हा तो आला.

मला गेटमधून आत येताना दिसला. कामाचेच कपडे, हाताला ग्रीस. बाळ नव्हतं. मी हात केला पण त्याचं लक्ष गोलकडे. गेटजवळच्या गोलमध्ये आता इथल्या क्लबची मुलगी होती, बेडकीच्याच उंचीची, पाठीवर वेणी. तो तिच्या मागे, जाळीजवळ जाऊन उभा राहिला. मी उठले. गुडघा तुला माहीत आहे, आणि त्या कठड्याला मध्ये वाट नाही, वळसा घालावा लागतो.

मी अर्ध्या वाटेत होते तेव्हा बेडकीच्या टीमला पेनल्टी मिळाली. त्या वेणीवाल्या मुलीने ती अडवली. आणि तो टाळ्या वाजवायला लागला. मोठ्याने ओरडला, "शाब्बास, बेडके!"

फोनवरचं मला ऐकू येत नाही. हे ऐकू आलं. सगळ्या मैदानाला आलं. ती वेणीवाली मुलगी मागे वळून त्याच्याकडे बघायला लागली, हा कोण म्हणून. त्याने तिला अंगठा दाखवला.

मी पलीकडे पाहिलं. बेडकीने हात वर केला होता. एवढ्या लांबून, एकटी उभी राहून, तिने हात वर केला, कुणी नाव घेतल्यावर करतो तसा. आणि तसाच ठेवला. कारण तो तिकडे बघतच नव्हता. खेळ पुन्हा सुरू झाला तरी हात खाली आला नाही. चेंडू तिच्याकडे आला तेव्हा ती हलली नाही. बाजूने गेला. तेवढ्या एका गोलने हरल्या त्या. एक पोरगी तिच्यावर खेकसली, तिने जाळीतून चेंडू काढून दिला.

मी पोहोचेपर्यंत तो फोन कानाला लावून गेटबाहेर पडला होता. कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं.

मॅच संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. ग्लोव्ह्ज काढले. म्हणाली, "बाबा आले होते ना. बघितलं मी."

"हो," म्हटलं.

"टाळ्या पण वाजवल्या."

"हो."

मग बूट सोडता सोडता, "आजी, बाळ माझ्या खोलीत झोपतं का?"

म्हटलं, हो.

"त्याला खिडकीच्या बाजूला नको झोपवू. ती नीट लागत नाही. गार वारा येतो."

सूनबाई, मी सत्तरीला आले. तिच्या बुटाच्या नाडीची गाठ सोडवत बसले, आणि ती तेवढ्यापुरतं पाय पुढे करून राहिली.

रात्री तो जेवायला बसला आणि खुशीत म्हणाला, "केवढी वाढलीय. पण वेणी ठेवलीय तशीच." मी सांगितलं त्याला. सगळं सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. मग म्हणाला, "तू मला खूण का नाही केलीस?" आणि उठून बाळाकडे गेला. बाळाची आई ताटापाशीच बसून राहिली. नंतर तिने त्यांचा पलंग खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावला. मला न विचारता.

त्याने बेडकीला फोन करावा म्हणून मी रोज सांगते. बघतो म्हणतो.

आई


१७ डिसेंबर

आई,

त्याचा फोन आला नाही. तुम्ही आता सांगणं बंद करा. तुमच्या जिवाला त्रास, आणि बळजबरीने केलेला फोन तिला कळेल.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तुमचं पत्र यायचं होतं. मी विचारलं, कशी झाली? "हरलो. बाबा आले होते. मला बघून खूप टाळ्या वाजवल्या." असं सांगून ती जेवली, दात घासले, झोपली. आणि मी, आई, त्या रात्री त्याच्याबद्दल दोन चांगले शब्द मनात बोलले. पुढे तुमचं पत्र आलं. ते मी लॅबमध्ये वाचलं. बाजूच्या बाईने विचारलं, काय झालं, म्हटलं, मेणाची वाफ डोळ्यात गेली.

तिला मी काही विचारलं नाही. तिने मला जे सांगितलंय तेच मी खरं धरून चाललेय. तेवढं तरी तिच्याकडे राहू दे.

मागच्या आठवड्यात मोठ्या क्लबातल्या सरांचा फोन आला. त्यांची एक गोलकीपर सोडून गेली, पुन्हा बघूया का म्हणाले. जूनमध्ये हे ऐकायला मी जीव टाकला असता. बेडकीला विचारलं, तुला कुठला क्लब हवा? तिने वहीतून मान वर केली नाही. म्हणाली, "आता कुठलाही चालेल. तू ठरव."

बारा वर्षांच्या मुलीने कुठलाही चालेल म्हणू नये, आई. भांडावं, दार आपटावं. मी दिवसभर त्या एका वाक्यावर दात बसवत होते, एक अख्खी कवळी उलटी लावली.

शेवटी डेपोलाच ठेवलं. चांगला आहे म्हणून नाही. त्या हरलेल्या मॅचनंतर बसमध्ये गॅरेजकाकांनी तिला पुढे आपल्याजवळ बसवलं आणि वाटेत कुणाला काही बोलू दिलं नाही, असं दुसऱ्या एका मुलीच्या आईने सांगितलं. एवढंच कारण. चूकही असेल. गोल अडवणं तिचं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. अडवते, पण उडी मारत नाही, जे हाताशी येईल तेवढंच. गॅरेजकाका म्हणतात, येईल. मी हो म्हणते.

मी रविवारची पाळी बदलून घेतली. आता सगळ्या मॅचना जाते. आयांची बाकं मध्यावर असतात, गप्पा चालतात, थर्मास फिरतो. मी तिथे बसत नाही. तिच्या गोलच्या मागे, जाळीच्या इतक्या जवळ उभी राहते की तिचा श्वास ऐकू येतो. हाफटाइमला बाजू बदलतात. ती मैदानातून सरळ जाते आणि मी बाहेरून, कडेकडेने वळसा घालून पलीकडच्या टोकाला जाते. चिखल असतो, कधी पोहोचायला उशीर होतो, शिट्टी होऊन जाते.

ती मागे वळून बघत नाही. अजून एकदाही बघितलेलं नाही. मी असते.

तुमची